भाव न करणारं गिऱ्हाईक

भागीरथीने बरणीवर झाकण ठेवलं, त्यावर फडकं गुंडाळलं आणि सुतळीची अशी काही गाठ मारली, की ती पुढच्या शिमग्यापर्यंत सुटायची नाही.

"नाय देनार," ती म्हणाली.

शेवंती जाड प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरून तशीच उभी राहिली. खोका, चिकटपट्टी, छापून आणलेलं लेबल, सगळं तिने पलंगावर मांडून ठेवलं होतं. लेबलवर लाल अक्षरात 'भागीरथी कोळी मसाला' आणि खाली 'खाडीकाठची चव, तुमच्या दारात' असं लिहिलं होतं. खाडीकाठची चव मात्र दारातच अडून बसली होती.

"अगं आये, पैसे आलेत त्याचे. पूर्ण आलेत. बंगलोरवरून ड्राफ्ट पाठवलाय त्याने."

"तेच तर बोलते मी. पूर्न कशाला आले?"

यावर काय उत्तर द्यायचं, हे शेवंतीला कोणत्याच क्लासात शिकवलेलं नव्हतं. ती स्वतः ठाण्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथलाच एक जुना कॉम्प्युटर तिने हप्त्याने घेतला होता आणि बाळकुमच्या त्यांच्या दोन खोल्यांत, वडिलांच्या फोटोखाली, टेबलावर आणून ठेवला होता. भागीरथीने त्याला विणलेला रुमाल घातला होता. नव्याण्णव साल होतं. इंटरनेट हा शब्द कोळीवाड्यात अजून तोंडात बसला नव्हता. शेजारची मंजुळा त्याला 'इंटरवल' म्हणायची. शेवंतीने त्या इंटरनेटवर आईच्या मसाल्याचं एक पान केलं होतं. आईचा नथ घातलेला फोटो, मसाल्याची माहिती, किलोचा भाव आणि ऑर्डर कुठे पाठवायची तो पत्ता, एवढंच त्या पानावर होतं.

हा खटाटोप तिने हौस म्हणून केला नव्हता. भागीरथीचे गुडघे गेले होते. तरी ती रोज सकाळी सुक्या मासळीची आणि मसाल्याची पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात जाऊन बसायची, आणि संध्याकाळी घरी आली की भिंतीला धरून उंबरा ओलांडायची. मसाला घरबसल्या विकला गेला तर आई बाजार सोडेल, हा शेवंतीचा हिशेब. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर भागीरथी एवढंच कबूल झाली होती, की तुझं एक गिऱ्हाईक बघू, ते बरं निघालं तर पुढचं पुढे. आणि ते एक गिऱ्हाईक आलं होतं. कुंडलिक नावाचा, मूळचा कल्याणचा, बंगलोरला नोकरी करणारा कोणी माणूस. त्याने दोन किलो मसाला मागवला, पानावर लिहिलेला भाव मुकाट्याने मान्य केला आणि पैसे पाठवून मोकळा झाला.

भागीरथीला खटकलं ते हेच. बाजारात इतकी वर्षं काढून तिचा एक ठाम सिद्धांत झाला होता. न बोलता पैसे देणारी माणसं दोनच प्रकारची. ज्याच्या घरी कोणी गेलंय तो, नाहीतर ज्याला आपल्याशी परत बोलायचं नाही तो.

"कल्यानचा मानूस आनि भाव करत नाय?" ती म्हणाली. "तिथली मानसं देवल्यात नारलाचा पन भाव करतात."

"इंटरनेटवर भाव करत नाहीत, आये. फिक्स रेट असतो. सर सांगतात, ब्रँडने भाव कमी केला की ब्रँडची किंमत जाते."

"मंग माझी किंमत एवढी वरसं रोजच जात होती काय?"

हे सर क्लासमध्ये मार्केटिंग शिकवायचे आणि त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, पण भागीरथीशी त्यांची गाठ पडलेली नव्हती.

"पहिलीच भवानी अशी मुकी?" भागीरथी बरणी फळीवर सरकवत म्हणाली. "ज्याचं तोंड ऐकलं नाय, त्याला मी माझी मिरची नाय देत. विचार त्याला, घरी सगली बरी हायेत ना म्हनून."

शेवंतीने खरोखर विचारलं. लाज गिळून तिने त्या कुंडलिकला लिहिलं, की आमच्या मसाल्याच्या भावाबद्दल आपलं काही म्हणणं असल्यास जरूर कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. किंमत ठीक आहे, कृपया लवकर पाठवा. ते तिने आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि वाचतानाच कळलं, की आपण पायावर धोंडा मारून घेतला.

"बघ," भागीरथी म्हणाली. "रागावलाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन बाजारात गेली. संध्याकाळी परतली ती मंजुळाच्या खांद्यावर हात ठेवून. उंबऱ्याशी तिने क्षणभर डोळे मिटून घेतले, मग काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "जेवलीस?" शेवंतीला रडू आलं आणि आईचा रागही आला, दोन्ही एकदमच. ती उठली, तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि फोनची वायर त्याला जोडली. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे किंचाळून घेतलं. हा किंचाळला की लागला, एवढं भागीरथीला माहीत होतं.

ईमेलच्या पेटीत नवीन काहीच आलेलं नव्हतं. शेवंतीने कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, मग घसा खाकरला.

"आये, त्याचं उत्तर आलंय."

"काय बोलतो?"

"बोलतो, मावशी, एकशेसाठ फार होतात. शंभरला द्या."

गुडघ्याला तेल चोळणारा भागीरथीचा हात थांबला.

"शंभर?" तिने पदर खोचला. "त्याला सांग, शंभरात भोपला येतो. भोपला खा."

शेवंतीने खडखड कळा दाबल्या. "तो तिकडे बसलेलाच आहे बघ. लगेच उत्तर देतोय. बोलतो, इथे बंगलोरला सव्वाशेला मिळतो."

"मंग घे की तिथं. आनि कालवन केलंस की मना बोलव, मी येते रडाला."

शेवंतीला हसू आवरेना. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी खूण विझली. लाइन तुटली होती. दिवसातून चारदा तुटायचीच. पुन्हा लावायची तर पुन्हा किंचाळणं आलं, आणि आता मध्ये थांबणं म्हणजे पेटलेल्या चुलीत पाणी ओतणं. शिवाय ज्याच्यासाठी लाइन हवी होती तो तर तिच्याच डोक्यात बसलेला होता. तिने बोटं तशीच चालू ठेवली.

भागीरथी आता पलंगावरून उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. आवाज चढला होता, हातवारे सुरू झाले होते. मिरची कल्याणच्या बाजारातून स्वतः निवडून आणते, देठ स्वतः खुडते, डंकावर समोर बसून कुटून घेते, असं ती पडद्याला ठणकावून सांगत होती. दिवसभर बाजारात बसणारी ही बाई शेवंतीने घरात अशी कधी पाहिलीच नव्हती. घरात दोघींचं बोलणं म्हणजे 'जेवलीस?', 'हं', 'दार लाव', 'लावलं'. शेवंती कामावरून यायची ती डोकं बधिर होऊन, आणि भागीरथी तिला त्रास नको म्हणून गप्प राहायची.

"एकशेपंचावन्न. शेवटचं," भागीरथी म्हणाली.

"तो बोलतो एकशेतीस. आणि बोलतो, मावशी, तुम्ही फोटोत दिसता तशा गरीब नाही."

"मेल्या!" भागीरथी खळखळून हसली. "आता कसा मानसासारखा बोलला."

आणि त्याच वेळी फोन वाजला.

शेवंतीची बोटं कळांवरच राहिली. इंटरनेट लागलेलं असलं की त्यांच्या घरचा फोन वाजत नसे. करणाऱ्याला तो नुसता एंगेज लागायचा. यावरून चेंदणीच्या मावशीने, जाईबाईने, मागे केवढं रामायण केलं होतं. तुमच्या पोरीच्या त्या यंत्रापायी मी मेले तरी तुम्हांला कळायचं नाही, असं ती घरी येऊन भागीरथीला ऐकवून गेली होती. फोन दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला.

भागीरथीने रिसीव्हर उचलला. जाईबाईच होती. दोघी बहिणी जवळ्याच्या भावाबद्दल आणि कोणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलल्या. शेवंती पाठमोरी बसून होती. कान गरम झाले होते. आईने ओरडावं, हसावं, काहीही करावं, पण लवकर करावं, असं तिला झालं होतं.

भागीरथीने फोन ठेवला. स्टूल ओढून ती शेवंतीच्या शेजारी येऊन बसली. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "कुठं आलेलो आपन? एकशेतीस?"

शेवंतीने एक कळ दाबली.

"एकशेतीस," ती म्हणाली.

"पन्नास बोल. तो काय बोलतो?"

"बोलतो... चाळीस."

"किती वय हाय त्याचं?"

"माझ्याएवढाच असेल."

"लगीन?"

"नाही."

"मंग रांधून कोन घालतं?"

"आई घालते."

भागीरथीने मान हलवली. आवाज आता बाजारातला राहिला नव्हता. "आयशीशी बोलतो का?"

शेवंतीने कळांवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. "कामावरून दमून येतो. मग नाही बोलत फारसा. पण त्याच्या मनात असतं."

"आयशीला कसं कलनार, मनात हाय ते?"

"नाही कळत," शेवंती म्हणाली.

भागीरथीने तेलाचा हात पदराला पुसला आणि तो लेकीच्या पाठीवरून फिरवला, नुसता एकदा. मग ती उठली, फळीवरची बरणी काढली आणि सुतळीची ती जन्माची गाठ दातांनी सोडवायला लागली.

"एकशेपंचेचालीस," ती गाठ तोंडात धरूनच म्हणाली. "झाला सौदा. त्याने जास्ती पाठवलेत त्यांची मिरची वर घाल. पिशवी धर. नीट धर, सांडशील."

शेवंतीने पिशवी धरली. घरभर मसाल्याचा वास पसरला आणि दोघी आळीपाळीने शिंकल्या. दोन किलो झाले, वरचे झाले, त्यावर भागीरथीने आणखी एक मूठ घातली.

"ही कशाची?"

"बोलला म्हनून," भागीरथी म्हणाली.

शेवंतीने पिशवीचं तोंड बंद केलं, त्यावर लेबल चिकटवलं आणि अंगठ्याने दाबत बसली. लेबल केव्हाच चिकटलं होतं.

"उद्या सांजचा येल का परत तो?" भागीरथीने विचारलं.

"येईल." शेवंती हलकेच म्हणाली. "पण आये, मसाला तर भरून झाला आता. उद्या तो कशाचा भाव करणार?"

"मिरचीचा कोन बोलतं?" भागीरथी म्हणाली. मग ती दाराशी गेली, उद्याच्या बाजारासाठी भरून ठेवलेली पाटी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि हळूहळू चालत आतल्या खोलीत नेऊन ठेवली.