थांबवरची हाळी

विशाखा आणि रामहरीनं गुलमंडीतल्या खोलीत बसून विहिरींच्या मोटरींसाठी मराठी प्रोग्रामिंग भाषा रचली. त्यातली ‘हाळी’ ही आज्ञा मेंढपाळाच्या पोराला, रामहरीलाच सुचली होती. लांबून हाळी आली की कळप वाट सोडून वळतो, तसा प्रोग्राम चालती ओळ सोडून हाळी घालणाऱ्या ओळीकडं जायचा. सोडलेल्या ओळीवर खूणही नसायची. विशाखाला याचं लई कौतुक होतं.

दुपारी कन्नडहून रामहरीच्या चुलत्याचा, मुंजाबाचा फोन आला. “थांब दाबलंय, दोन्ही मोटरी बंद हायत. मोटरींच्या जाळ्या साफ कराया विहिरीत उतरतो.”

विशाखानं सहज त्या विहिरीचा प्रोग्राम उघडला. मुंजाबाची ‘थांब’ ओळ जागेवर होती. पण विहीर दोघा भावांची सामाईक, आणि खाली मुंजाबाच्या भावानं आपल्या पाळीसाठी लिहिलं होतं : ‘थांब ओळीला हाळी. पाणी वर आलं की माझी मोटर चालू.’

“रामहरी, कळप दुसऱ्याच्या हाळीला वळतो का रे?”

“नाय. आपल्याच धन्याच्या.” बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. भाषेत त्यांनी धनी ठेवलाच नव्हता; कुणाच्याही ओळीला कुणीही हाळी घालू शकत होतं.

मुंजाबाचा फोन नुसता वाजत राहिला. पडद्यावर भावाच्या मोटरीचा दिवा हिरवा झाला.