साठावी जोडी

तात्यांचं अक्षर सुरेख होतं, आणि आपल्यात त्यापलीकडे सुरेख काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. भिवंडीच्या एका शाळेत आयुष्यभर कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि नारपोलीच्या धर्मादाय दवाखान्यात दर रविवारी केसपेपर लिहायला जाऊ लागले. त्या दिवशी मुंबईहून डॉक्टर यामिनी यायच्या, मनाचे आजार तपासायला. काम लिहिण्याचं, बोलण्याचं कमी. तात्यांना ते मानवलं.

२००६च्या फेब्रुवारीत बाईंनी नवं काम काढलं. स्किझोफ्रेनिया ओळखायचा तो माणसाशी बोलून, घरच्यांना विचारून. मधुमेह रक्तातून कळतो, कावीळ कळते. या आजाराचीही काही खूण रक्तात सापडेल का, याचा शोध बाई आणि त्यांचे सहकारी घेत होते. त्यासाठी साठ आजारी माणसं हवी होती आणि त्यांच्याच भागातली, त्यांच्याच वयाची साठ निरोगी. एकाला एक, अशी जोडी. दोघांचं रक्त एकाच सकाळी, उपाशीपोटी घ्यायचं.

आजारी माणसं मिळाली, निरोगी मिळेनात. "तपासलं आन माझ्यातच निघालं तर?" असं म्हणून चांगले धडधाकट लोक पायऱ्या उतरून निघून जात. एकोणसाठ जोड्या जमवता जमवता वर्ष गेलं, बाईंच्या नाकी नऊ आले. साठावा आजारी होता जवळच्या वडपे गावचा काळूराम, वय एकसष्ट. त्याच्यासाठी जोड सापडेना.

"तात्या, तुमचं वय काय हो?" बाईंनी एकदम विचारलं.

"एकसष्ट," तात्या बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

काळूराम आला तो थोरल्या बहिणीला, आक्काला घेऊन. खरं तर तिनेच त्याला आणलं होतं, पण पुढे तो चालत होता. उंच, वाकलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. तीस वर्षं आक्काने त्याला सांभाळलं होतं. शेतावर गोदामं उभी राहिली, भाऊबंदांनी बंगले बांधले, आक्काचं घर काळूच्या गोळ्यांच्या वेळेवर चालत राहिलं.

तात्यांनी फॉर्म पुढे ओढला. सातवा प्रश्न होता, रक्ताच्या नात्यात कुणाला मनाचा आजार आहे किंवा होता का? इथे आल्यावर लोकांची नजर जमिनीकडे जाते, हे तात्यांना सवयीने ठाऊक होतं.

"माझा आजा," काळूराम म्हणाला. "आंब्याला बांधून ठेवायचे त्याला. ल्हिवा. आन दोरी लांब होती तेबी ल्हिवा. आजी सावलीपरमानं त्याला फिरवायची."

"तेवढं लिहायला जागा नाही," तात्या म्हणाले.

"मग आजी ल्हिवा. आजा र्‍हाऊ द्या."

आक्का हसली. तात्याही हसले. मग त्यांनी स्वतःचा फॉर्म घेतला. सातव्या प्रश्नापाशी पेन क्षणभर थांबलं आणि त्याच सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं: नाही.

त्या दिवशी रक्त घेणं झालंच नाही. काही खाल्लं का, असं बाईंनी विचारल्यावर आक्का ठामपणे म्हणाली, "पाण्याचा थेंब न्हाय. नुसता चा पाजला, साखर घालून."

"आक्का, चहासुद्धा चालत नाही."

"चा काय खानं हाय व्हय? घरातनं मानूस चा न पेता कसा धाडायचा?"

पुढच्या रविवारी या, असं ठरलं.

तो आठवडा तात्यांना जड गेला. त्यांचे थोरले भाऊ केसरीनाथ. तरुणपणी भिंतींशी बोलू लागले, मग जेवणात विष आहे म्हणू लागले. परगावच्या मनोरुग्णालयात बारा वर्षं काढून तिथेच गेले. लोकांना सांगितलं होतं, हरिद्वारला गेला, साधूंबरोबर. हे आता फक्त दोघांना माहीत होतं, तात्यांना आणि त्यांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना. मुलगा वरद, त्यालाही नाही. वरदचं लग्न मे महिन्यात होतं, मुलगी कल्याणची.

"इतकी वर्षं गप्प बसलात," अनसूयाबाई म्हणाल्या, "आणखी तीन महिने बसा. एका कागदावरच्या 'नाही'ने कुणाचं काय बिघडतंय?"

तात्यांनी हेच गेल्या रविवारी बाईंना आडून विचारलं होतं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. बाई म्हणाल्या होत्या, "घरात आजार असलेला माणूस निरोगी गटात आला तर फरक पुसट होतो, तात्या. आधीच जे शोधतोय ते बारीक आहे. असेल की नाही तेही माहीत नाही."

दुसऱ्या रविवारी काळूराम खुर्चीत बसला आणि सुई पाहून उठला. कपाळावर घाम. ओठ हलत होते, पण आक्काशी बोलत नव्हता.

"काय सांगतात रं ते?" आक्काने हळूच विचारलं.

"सुई इखारी हाय म्हनतात. रक्त इकनार म्हनतात." तो तात्यांकडे वळला. "जोडीदार, तू आदी बस. तुजं घेताना मना बगू दे."

तात्या बसले. सुई टोचली, लाल झाकणाची नळी भरली. काळूरामने डोळे न मिटता सगळं पाहिलं. मग कोपऱ्याकडे तोंड करून, घरात आलेल्या दांडग्या पाव्हण्याला सांगावं तसं तो म्हणाला, "आयकलं तुमचं. आता जरा गप बसा. बाईंचं काम होऊ द्या." आणि हात पुढे केला. सुई आत गेली तरी त्याने तो मागे घेतला नाही.

तात्यांनी पुष्कळ पुस्तकं वाचली होती. शूर माणसं त्यांना तिथे भेटली होती, घोड्यावर, गडावर. इतक्या जवळून, इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वर सरकवून बसलेला शूर माणूस ते पहिल्यांदाच पाहत होते.

रक्त गोठायला अर्धा तास नळ्या तशाच उभ्या ठेवल्या. मग बाईंनी त्या फिरत्या यंत्रात समोरासमोर बसवल्या.

"समोरासमोर का?" काळूरामने विचारलं.

"तोल राहावा म्हणून. एकटीच घातली तर यंत्र हादरतं."

यंत्र घरघरून थांबलं. नळ्यांमध्ये खाली लाल गोळा बसला होता आणि वर पिवळसर, नितळ पाणी. काळूराम वाकून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"येड्याचं कुठलं आन शान्याचं कुठलं? सारकंच हाय."

"डोळ्यांना दिसलं असतं तर तुम्हाला एवढा त्रास दिला असता का?" बाई म्हणाल्या. "यातले बारीक घटक मोजायचे. सगळ्यांचे मिळून. वर्षं लागतील, आणि कदाचित काहीच हाती लागणार नाही. तुम्हाला तर याचा उपयोग नाहीच."

"मना कशाला पायजे? माजं मना ठाव हाय. ज्याचं अजून कुनाला ठाव न्हाय त्याला पायजे." मग तो आक्काकडे बघून म्हणाला, "मना डाक्टर दिसला तवा मी बत्तीस वर्सांचा झालेलो. त्याच्या आदी नुसते कोंबडे कापले."

"सात कापले," आक्का म्हणाली. "तूच खाल्लेस."

बाईंनी तात्यांची नळी उचलली. बर्फाची पेटी उघडली.

"बाई," तात्या म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की त्यांना पुन्हा बोलावं लागलं. "बाई, माझं ठेवू नका. माझा फॉर्म खोटा आहे."

तात्यांनी सातवा प्रश्न सांगितला, भाऊ सांगितला, मनोरुग्णालय सांगितलं. हरिद्वारही सांगितलं, वरदचं कल्याणला ठरलेलं लग्नही. सांगताना ते टेबलाच्या कडेकडे बघत होते, इतके दिवस सातव्या प्रश्नाला लोक खाली बघत आले तसे.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नळी बाजूला ठेवली. "बरं झालं आत्ता सांगितलंत. फॉर्मवर नंबर आहे, नाव नाही. बाहेर जाणार नाही. पण जोडी मोडली. दुसरा माणूस शोधायचा, आणि दोघांचं एकाच दिवशी घ्यायचं तर..." त्या काळूरामकडे बघून थांबल्या.

तात्यांना तेव्हा उमगलं. आपल्या एका 'नाही'पायी या माणसाला पुन्हा त्या खुर्चीत बसावं लागणार. त्यांना तोंड वर करवेना.

"नाव काय भावाचं?" काळूरामने विचारलं.

"अं?"

"तुज्या भावाचं. नाव असंल ना."

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "केसरीनाथ," तात्या म्हणाले. "आम्ही केसरीदादा म्हणायचो."

"त्याला ऐकू यायचं? मानसं नसताना?"

"हो."

"मग त्यालाबी कोनतरी सांगाय पायजे होतं, आयकलं तुमचं, आता गप बसा." काळूराम बाही खाली करत उठला. "बाई, पुडल्या रयवारी परत घ्या. आक्के, चा न्हाय."

"न्हाय रं बाबा," आक्का म्हणाली. जाताना ती तात्यांपाशी थांबली. "आमी कुनाला सांगनार न्हाय. आन कल्यानवाल्यांचं म्हनाल, तर आदी सांगून केलेलं बरं. मागनं कळलं की पोरीला वाटतं, आपल्याला फशिवलं."

त्या दुपारी कामतघरच्या घरी तात्यांनी वरदला समोर बसवलं. अनसूयाबाई दाराशी उभ्या राहिल्या, पण मध्ये बोलल्या नाहीत. वरदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, त्यांचा फोटो आहे का?" फोटो होता, कपाटात, तळाच्या पुस्तकात. बुधवारी बापलेक तो घेऊन कल्याणला गेले. मुलीच्या वडिलांनी विचार करून कळवतो असं सांगितलं. अजून कळवलं नव्हतं.

रविवारी तात्या दवाखान्यात लवकर गेले. दार उघडतंय तोच काळूराम आला, एका बुटक्या, चिडलेल्या माणसाचा दंड धरून.

"हा नवशा. मना लहानपनापासून येडा म्हनतो. म्हंजे हा शाना असनार. गाव साक्ष देईल. ह्याचं घ्या."

"मी येनार नव्हतो," नवशा कुरकुरला. "हा चार दिस माज्या वट्यावर बसून र्‍हायला. म्हनला, मी भितो तरी जातो, तू तर भीतबी न्हाईस."

"चहा घेतला का?" तात्यांनी विचारलं.

"ह्याने घेऊ दिला तर," नवशा म्हणाला.

तात्यांनी कोरा फॉर्म काढला. सातव्या प्रश्नापाशी ते थांबले, पेन खाली ठेवलं आणि नवशाला म्हणाले, "हा प्रश्न नीट ऐका. घाई नाही. मी चुकलो होतो इथे."

नवशा विचार करू लागला. शेजारच्या खुर्चीत काळूराम कोपऱ्याकडे बघून पुटपुटत, आधीच बाही वर सरकवत होता.