तिसऱ्या भागातला म्हातारा पहारेकरी

‘कोल्ड लँटर्न’ या गेमचे पाच भाग निघाले; त्यातला तिसरा तेवढा खरा आणि बाकीचे चार कचरा, असं प्रबुद्धचं मत होतं. मत कसलं, श्रद्धाच! चारकोपच्या त्याच्या घरी आलेलं कुणी चुकून म्हणालं की चौथ्याचे ग्राफिक्स झकास आहेत, तर पुढ्यातला चहा गार होईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसे.

तसे पाचही भाग एकाच वळणाचे. अंधारात लपायचं, पहारेकऱ्यांची नजर चुकवत किल्ल्यात शिरायचं, हवं ते उचलून पसार व्हायचं. बाकीच्या भागांत पहारेकरी म्हणजे हलते अडथळे. मागून जा, डोक्यात घाला, पुढे चला. तिसऱ्या भागात मात्र कोठाराच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी उभा असे. तुम्ही खोक्यांमागे चांगली चार मिनिटं काहीही न करता बसून राहिलात, तर तो इकडेतिकडे बघून हळूच खाली बसे, एक बूट काढे, पाऊल चोळत स्वतःशीच लेकीच्या लग्नाचं काहीबाही बोले. तेवढ्यात आपण त्याच्या मागून निघून जायचं. हे गेममध्ये कुठेच सांगितलेलं नव्हतं. ज्याच्या अंगात धीर आहे त्यालाच ते सापडायचं.

प्रबुद्धचे वडील, अंबादास, एका टॉवरच्या गेटवर बावीस वर्षं बारा-बारा तासांची ड्यूटी करत होते. घरी आल्यावर त्यांचं पहिलं काम बूट काढून पाय चोळत बसणं. त्यामुळे त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात काही घालावं असं प्रबुद्धच्या कधी मनातही आलं नाही. एवढी एक गोष्ट त्याने जगात फक्त देवेशला सांगितली होती.

देवेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जोगेश्वरीला राहायचा आणि अंधेरीतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. तिसरा भाग नव्याने बनवायचं काम त्याच कंपनीला मिळालं, तेव्हा तो धावतच चारकोपला आला. “तुझ्या म्हाताऱ्याला आम्ही नवा जन्म देणार, बोल!” दुसऱ्या दिवशी प्रबुद्धने आपल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेढे वाटले. लॅबमधल्या सगळ्यांना वाटलं, याचं लग्न ठरलं.

मग ओळीने चार रविवार देवेश लॅपटॉप घेऊन येऊन बसला. जुना गेम लावायचा, प्रबुद्ध काय-काय करतो ते रेकॉर्ड करायचा. “तू नेहमी खेळतोस तसाच खेळ,” म्हणायचा. प्रबुद्ध कसला नेहमीसारखा खेळतोय! म्हातारा दुसऱ्यांदा पाऊल चोळतो तेही देवेशला दिसावं म्हणून तो चारची सहा मिनिटं बसला. नवीन बनवताना यातलं काही हरवू नये, एवढीच त्याची धडपड.

“का थांबायचं ते कळतंय ना रे?”

“कळतंय. सगळं लिहून घेतोय,” देवेश म्हणाला.

नवा गेम बाहेर पडला त्या रविवारी दुपारी अंबादासना सुट्टी होती. प्रबुद्धने त्यांना मुद्दाम समोर बसवलं. “पप्पा, आता गंमत बघा.” कोठाराचं दार आलं, म्हातारा आला, प्रबुद्ध खोक्यांमागे दडला. दहा सेकंदही झाली नसतील, म्हातारा धपकन खाली बसला, बूट भिरकावला आणि तोंड वासून शिट्टीसारखा घोरायला लागला. मागे विनोदी पिपाणी वाजली. त्याच्या डोक्यावर लाल बाण नाचू लागला आणि खाली अक्षरं उमटली: ठोसा मारा.

प्रबुद्ध त्याच्या मागून दारापर्यंत गेला. दार उघडेना. तीनदा जाऊन पाहिलं. शेवटी फोन स्पीकरवर टाकून त्याने देवेशला गाठलं.

“बघितलास? कसा झालाय?”

“दार उघडत नाहीये.”

“मारल्याशिवाय कसं उघडेल? अरे, लोक तिथेच कंटाळून गेम सोडतात. मीटिंगमध्ये मी तुझंच रेकॉर्डिंग लावलं ना. सहा मिनिटं एक माणूस नुसता खोक्यामागे बसलाय! सगळे हसून हसून मेले. साहेब म्हणाले, पहिलं हे कापा.”

“मी तुला दाखवत होतो, देवेश.”

“तेच तर! तुझ्याइतकं चांगलं कोणी दाखवलंच नसतं. आणि घोरणं ओळखलंस का? काका दुपारी झोपतात ना, सेम टू सेम. मीच सुचवलं.”

प्रबुद्ध स्पीकर बंद करायला झेपावला, पण ऐकायचं ते अंबादासनी ऐकलं होतं. प्रबुद्धच्या अंगाचा तिळपापड झाला. देवेशने दगा दिला होता, उघड उघड, हसत हसत. आणि त्याहून जिव्हारी लागलं ते हे, की म्हाताऱ्याला त्याच्या हाती सोपवलं होतं ते आपणच, चार रविवार मन लावून.

“शेवटी आभारात तुझं नाव टाकलंय,” देवेश सांगत होता. “शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, अख्खं.”

“काढून टाक.”

“आता कसं निघेल? गेम बाहेर पडला ना यार.”

प्रबुद्धने फोन कापला. कंट्रोलर बाजूला ठेवून तो टीव्ही बंद करायला उठला.

“थांब,” अंबादास म्हणाले. “अख्खं नाव, म्हणजे मधे माझं धरून?”

“हो. पण ते पार शेवटी येतं.”

“टीव्हीवर?”

“हो, पप्पा.”

“मग मार की त्याला. अडून काय बसलास?”

“तो झोपलाय.”

“ड्यूटीवर झोपला तर मार खाणारच. मार.”

प्रबुद्धने कंट्रोलर उचलला आणि बटण दाबलं. म्हातारा कोलमडून बाजूला पडला. दार लगेच उघडलं.

अंबादास पुढे झुकून डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते. “आलं का नाव?”

“नाही, पप्पा. अजून पुष्कळ पहारेकरी आहेत.”

“असू देत. मी बसतो,” म्हणत अंबादास भिंतीला टेकले, आणि प्रबुद्ध पुढच्याच्या मागे गेला.