त्रेचाळीस विरुद्ध बेचाळीस

डॉक्टर पद्माकरांना लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद मनापासून हवं होतं. वीस वर्षं त्यांनी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या; आता एकदा मधल्या खुर्चीत बसावंसं वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? समोर उभा होता हरीश, त्यांच्याच हॉस्पिटलात त्यांच्याच वर्षी रुजू झालेला जुना मित्र.

ते १९९२ साल. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस रंगली होती. पद्माकरांची बायको सुमेधा तिथल्या कौन्सिलमध्ये आकडेवारीचं काम करायची. कोणाचा पाठिंबा कुठे सरकतोय ते ती रोज पेपरमधून टिपून घ्यायची. नवरा उभा राहिला तसा तिने तोच खेळ मंडळावर लावला. कोणाला काही विचारलं नाही. फोनवर "आमचं मत डॉक्टरांनाच" असं आपणहून सांगणारे तिने सरळ हरीशच्या रकान्यात टाकले.

मतदानाच्या सकाळी ती म्हणाली, "फोर्टी-थ्री, फोर्टी-टू. तुम्ही येताय."

"एप्रिलमध्ये इथल्या पार्लमेंटच्या इलेक्शनला सगळे पोल्स तोंडावर आपटले," पद्माकर म्हणाले, पण मनातून सुखावले. कागद मात्र तिने दाखवला नाही.

हॉलमध्ये पेन्सिल हातात घेतली आणि त्यांचं घोडं अडलं. आपल्याच नावापुढे आपणच मताची फुली मारायची? पंगतीत आपल्या ताटात आपण लाडू वाढून घ्यायचा नाही, अशा घरात वाढलेला हा माणूस. हात आपसूक हरीशच्या नावाकडे गेला. बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला: एका मताची तर आघाडी, ती आपणच बहाल करून आलो. 

निकाल लागला. पद्माकर त्रेचाळीस, हरीश बेचाळीस. हरीशनेच येऊन पहिली मिठी मारली.

पद्माकरांना खूप आनंद झाला, पण काही उलगडेना. गाडीत बसल्यावर त्यांनी कबुली दिली. "सुमेधा, तुझं प्रेडिक्शन चुकायला हवं होतं. मी हरीशला व्होट दिलं."

तिने पर्समधून कागद काढला. हरीशच्या रकान्यात पद्माकरांचं नाव होतं, आणि पद्माकरांच्या रकान्यात हरीशचं.

"त्याने मला दिलं?"

"तोही तुमच्यासारखाच आहे."

"आणि मी स्वतःलाच दिलं असतं तर?"

"तर बाहेर आल्यावर तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं असतं, आणि माझं हरीशला गेलं असतं," ती म्हणाली. "रिझल्ट तोच लागला असता."

पद्माकरांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती. पिनरचं घर येईपर्यंत ते एकटेच हसत होते.