साचेखात्यातली बोली

हिंगणघाटची मिल बंद पडली तेव्हा अण्णाजी साचेखात्यात सहा साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत होते. आता त्याच साचेखात्यात ते तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांना कापड कसं विणतात ते दाखवत. हे काम आपल्याइतकं झकास दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि खरं सांगायचं तर ते नव्हतंच जमत.

कापडवाल्या ताराचंदशेठच्या नातवानं, धीरजनं, मिलच्या दोन शेड भाड्यानं घेतल्या होत्या. एकीत बाजार मांडला होता: चादरी, टॉवेल, खादीचे कुडते, वायगावची हळद, वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. दुसरीत दुरुस्त केलेले चार साचे होते. ते चालवायचे नत्थूजी, अण्णाजींचे मिलपासूनचे जोडीदार. अण्णाजींनी हिंडवलेला पाहुणा बाजारातून रिकाम्या हातानं बाहेर पडत नसे. पण हे धीरजच्या लक्षात येईल तर शप्पथ!

त्या रविवारी नागपूरच्या गुंजन मॅडम तीसेक पाहुणे घेऊन आल्या. त्यांची सहलींची कंपनी होती, आणि दर रविवारी इथे बस पाठवायची की नाही ते त्या आज ठरवणार होत्या. अण्णाजींनी साच्यातून सूत घेऊन सुसाट ये-जा करणारा धोटा उचलून दाखवला.

"याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवा लागते. नाई तं सुटून सरळ कपाळात बसते."

एका बाईंनी चटकन कपाळ झाकलं. अण्णाजी खूश झाले. मग ते शेडच्या पार टोकाला नत्थूजींजवळ गेले आणि चारही साचे सुरू झाले. असा खडखडाट उठला, की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना.

दाराशी धीरज मॅडमना काहीतरी सांगत होता. अण्णाजींनी सहज तिकडे पाहिलं. तीस वर्षं या आवाजात कानांचा काही उपयोग नव्हता; साचेवाले एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. मुलीची सोयरीक, घरातली भांडणं, मुकादमाला शिव्या, सगळं ओठांवर. धीरजचे ओठ म्हणत होते, "पुढच्या महिन्यापासून हे दोघं म्हातारे नसतील. हेडफोन देऊ, मशीनच माहिती सांगेल. त्यांना अजून बोललो नाही."

अण्णाजींना राग आला. काढायचं तर काढ, पण तोंडावर सांगायची हिंमत नको?

"काय झालं?" नत्थूजींचे ओठ हलले.

"धीरज आपल्याले काढून राह्यला."

"मंग?"

"साचे बंद कर."

साचे थांबले. अण्णाजी ताठ मानेनं दारापर्यंत चालत आले.

"धीरजभाऊ, पुढच्या महिन्यापासून मशीन बोलन म्हणता. मले काऊन नाई सांगितलं?"

धीरजचा चेहरा पडला. "तुम्हाले कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता."

"एवढ्या आवाजात ऐकलंत?" गुंजन मॅडम चकित झाल्या.

"ऐकलं कुठं? पाह्यलं."

मॅडमचा विश्वास बसेना. त्यांनी साचे पुन्हा चालू करायला लावले, अण्णाजींना टोकाला पाठवलं आणि दारातून काहीतरी पुटपुटल्या. साचे थांबताच अण्णाजींनी तिथूनच सांगून टाकलं, "मॅडमचं आजोळ आंजी गावचं हाय, अन् त्याइले पोहता येत नाई."

टाळ्यांनी शेड दणाणली. मग काय, ज्याला त्याला आपलं गुपित दारातून बोलून बघायचं होतं. पोरांनी रांग लावली, कपाळ झाकणाऱ्या बाईही रांगेत. साचे सुरू होत, थांबत, हशा पिकत होता.

"दर रविवारी दोन बस पाठवते," गुंजन मॅडम धीरजला म्हणाल्या, "पण हे दोघं असतील तरच."

साचे पुन्हा धडधडत होते. धीरज अण्णाजींच्या समोर येऊन उभा राहिला. पाहुण्यांकडे पाठ करून, मान जराशी खाली घालून तो म्हणाला, "चुकलो मी, अण्णाजी. तुम्ही दोघंही राहा."

अण्णाजींनी अक्षर न् अक्षर वाचलं. कानामागे हात धरला, नकारार्थी मान हलवली आणि नत्थूजींना खूण केली. साचे थांबले. सगळी शेड धीरजकडे बघू लागली.

"काय म्हनलं, धीरजभाऊ?" अण्णाजी म्हणाले. "मोठ्यानं बोला. मले ऐकू नाई आलं."