खेमचा फोटो कोणी धरायचा?

मित्रांनो, मी एक जुनी फोटोची चौकट आहे. बँकॉकमधल्या एका स्टुडिओच्या सामानखोलीत माझं बहुतेक आयुष्य गेलं. मालिकेत कोणी मेलं की शवपेटीपुढे जो मोठा फोटो ठेवतात, तो माझ्यात बसवायचे. तीस वर्षांत माझ्यात कितीतरी माणसं मेली, पण सगळी खोटी. खरा मेलेला एकच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म नदीपलीकडे, थोनबुरीतल्या एका सुताराकडे झाला. अंग सागवानी, वर सोनेरी मुलामा. सुरुवातीची वर्षं दिमाखात गेली. श्रीमंत आजोबा मेले की मृत्युपत्रावरून सुना एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या आणि मी मधोमध मिरवायची. दिग्दर्शक म्हणायचे, "हिच्यात फोटो घाला, अर्धं रडू आपोआप येतं." मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पुढे वारं फिरलं. दोन तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात अशा मालिका आल्या. नुसतं गोड गोड, त्यात कोणी मरेचना. मी कोपऱ्यात धूळ खात पडले. मग लोकांना गोडाचाही वीट आला आणि कोणाला तरी सुचलं, या प्रेमात एखादा खून कालवावा. झालं! सामानखोलीचे प्राचुअप काका फडकं घेऊन हजर. "चल गं म्हातारे, पुन्हा मढी पडायला लागली."

काकांचा एक नियम सगळा स्टुडिओ पाळायचा. जिवंत नटाचा फोटो मृताच्या चौकटीत राहू द्यायचा नाही. चित्रण संपलं की त्या नटानं तो स्वतः बाहेर काढायचा, खदखदून हसायचं आणि फाडून टाकायचा. दुसऱ्या कोणी फाडलेला चालत नसे.

ही नवी मालिका वासिननं लिहिली होती. पन्नाशीचा, हडकुळा, अबोल माणूस. त्याच्या गोष्टीत एका इन्स्पेक्टरचा प्रियकर कालव्यात बुडालेला सापडतो. सगळे म्हणतात, पाय घसरला. इन्स्पेक्टरला ते पटत नाही आणि तो खुनी शोधायला निघतो.

वाहिनीच्या ओरवनबाई सारख्या मागे लागायच्या. "वासिन, लोकांना मिठ्या हव्यात. ते मढं जरा थोडक्यात आटप."

"बाई, मढं काढलं तर त्या मिठीत उरतं काय?"

"बरं बाबा! पण खुनी कोण ते तरी ठरव. नऊदा बदललास."

 एक प्रसंग मात्र वासिननं कोणाला बदलू दिला नाही. दहनाआधी शवपेटी दहनगृहाभोवती उलट्या दिशेनं तीनदा फिरवतात, आणि मृताचं सर्वांत जवळचं माणूस फोटो छातीशी धरून पुढे चालतं. वासिनच्या गोष्टीत तो फोटो इन्स्पेक्टर धरतो. भावाच्या हातात द्या, असं बाईंनी सुचवून पाहिलं. "मग माझं नावच काढा," तो म्हणाला.

चित्रणाच्या दिवशी घोळ झाला. मेलेल्याचं काम करणारा चिन फोटो द्यायलाच तयार होईना. त्याला पंचविसावं लागलं होतं, आणि ते वर्ष आमच्याकडे घाताचं. "आईनं शपथ घातलीय, काका. हवं तर शिव्या द्या, पण माझं तोंड त्या चौकटीत नको!"

सगळा खोळंबा झाला. ऊन चढलं, शवपेटीवरची फुलं माना टाकू लागली. शेवटी वासिननं पिशवीतून एक मोठा, घड्या पडलेला फोटो काढला. चिनच्याच वयाचा हसरा मुलगा, केस ओले.

"कोणाचा रे हा?" काकांनी विचारलं.

"खेमचा. माझ्या खेमचा."

मग त्यानं हळू आवाजात सांगितलं ते मी ऐकलं. तेवीस वर्षांपूर्वी खेम पुलाखालच्या कालव्यात सापडला. कपाळावर खोक होती, तरी पोलिसांनी पाय घसरला असंच लिहिलं. हा फोटो वासिननं अंत्यविधीसाठी मोठा करून नेला होता. घरच्यांनी दुसरा लावला, तो धाकट्या भावाच्या हातात दिला आणि वासिनला शेवटच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मित्र म्हणून.

दिग्दर्शकाला प्रसंग लांबून, बहुतेक पाठमोराच हवा होता. इन्स्पेक्टर झालेल्या नटानं आपला काळा कोट उतरवला आणि वासिनच्या खांद्यावर घातला. "दादा, तुम्हीच चाला. पाठ कोणाची, कोण बघतंय?"

पहिल्या फेरीत वासिनचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. दुसऱ्या फेरीत तो पुटपुटला, "बोल की रे, खेम. पुलावर कोण होतं?" तिसऱ्या फेरीत भर उन्हात माझी काच आतून ओली झाली. मला कालव्याच्या चिखलाचा वास आला. आतला मुलगा आता बोलणार असं वाटून मी लाकडाची असून थरथरले. पण तो बोलला नाही.

चित्रण संपलं. काका फोटो काढायला आले आणि थबकले. "हा कोणी फाडायचा? ज्याचा त्यानंच फाडायचा असतो."  खेम माझ्यातच राहिला. काकांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि पुन्हा कुठल्याच चित्रणाला दिलं नाही. काचेची ओल काही जाईना.

मालिका गाजली. वासिननं शेवटी कोणाला तरी खुनी केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि एका दुपारी खेमची आई काठी टेकत सामानखोलीत आली. काकांनी वासिनला बोलावून घेतलं, मागोमाग स्टुडिओतली माणसंही दारात जमली. तो तिच्यापुढे गुडघे टेकून बसला.

"फोटो लांबून दिसला," म्हातारी म्हणाली, "पण पोटच्या पोराला ओळखायला जवळ कशाला जावं लागतं? आणि ती पाठही तुझीच. अजून डावा खांदा पाडून चालतोस."

"आई, कोणी मारलं ते मला सापडलं नाही. नऊदा लिहिलं, नऊही वेळा खोटं."

"मलाही नाही ठाऊक. पण दुसरा गुन्हा कोणाचा ते सांगते. त्या दिवशी फोटो धाकट्याकडे मी दिला. तू खेमचा कोण, ते मला पक्कं माहीत होतं. माहीत असून तुला मागे बसवलं. लोकांना भ्याले रे."

वासिन लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. म्हातारीनं मला उचललं, लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत, आणि त्याच्या हातात दिलं. "घरी ने त्याला."

आता मी वासिनच्या घरी असते. काच अजून ओली आहे. तो रोज पुसतो आणि रोज तेच विचारतो. मला सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण कोणाच्या अंत्यविधीला गेलात आणि शेवटच्या रांगेत एखादं माणूस एकटंच रडताना दिसलं, तर तुम्ही कोण, असं विचारत बसू नका. त्याचा हात धरून त्याला पुढे आणा आणि फोटो त्याच्याकडे द्या. खेमच्या आईला तेवढं करायला तेवीस वर्षं लागली.