सदतिसावा जॉइंट

तिने फायबरचं टोक पुसलं, पुन्हा एकदा पुसलं आणि मोजयंत्रात बसवलं. मागे खुर्चीत तिचे बाबा मांडीवर जुनी वही घेऊन बसले होते. या केबलचे साठही जॉइंट त्यांनी एकट्याने केले होते, म्हणून निवृत्त माणसाला आज मुद्दाम बोलावलं होतं. बोलावणारी तीच होती.

"इतकी वर्षं चाललंच ना सगळं?" बाबा म्हणाले. "आता काय बिनसलं?"

"तेव्हा दिवा लागला की विझला, एवढंच बघायचे, बाबा. आता प्रकाशलहरीचा हेलकावा वाचायचा असतो. पलीकडचा लेसर आपल्या लहरीशी सूर जुळवतो आणि एकेका हेलकाव्यातून चार-चार अंक काढतो. वाटेत उजेड सांडला की संपलं."

"म्हणजे आमची लबाडी आता उघडी पडणार," बाबा हसले. ती हसली नाही.

केबल फक्त उद्याचा दिवस बंद मिळणार होती. तेवढ्यात जेमतेम दोन खड्डे खणून जमिनीखालचे दोन खराब जॉइंट पुन्हा करता येणार होते. खणायच्या यादीत पहिला सदतिसावा जॉइंट तिने मोजायच्या आधीच लिहून ठेवला होता. हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

त्या जॉइंटची हकिगत घरात सगळ्यांना पाठ होती. हॉस्पिटलमधून निरोप आला तेव्हा बाबा खड्ड्यात होते. केबलमधल्या बारापैकी सहा फायबर जोडून झाले होते. उरलेले सहा जोडून, जॉइंटचा डबा बंद करूनच ते निघाले. पोचले तेव्हा आई गेलेली होती. सोळा वर्षांच्या तिने दारातच विचारलं होतं, का नाही आलात? बाबा एवढंच म्हणाले होते, "हात इतका थरथरत होता गं, एकेका फायबरला वेळ लागला."

त्या थरथरीवर तिने बापाला माफ केलं होतं.

पडद्यावर रेघ उमटली. जॉइंट आला की रेघ जराशी खाली उतरते. जेवढी उतरण, तेवढा उजेड वाया. बाबा चष्मा लावून पुढे वाकले आणि वहीतलं अंतर बघत बोट रेघेवरून सरकवत आणलं. सदतिसाव्यापाशी ते थांबलं. रेघ सरळ होती. तिने सातव्यापासून बाराव्यापर्यंत सगळे फायबर एकामागून एक लावून बघितले. सगळ्यांची रेघ सरळ.

"एका टोकाकडून मोजलेलं खरं धरू नये," बाबा म्हणाले. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिने पलीकडच्या केंद्रातल्या सहकाऱ्याला मोजायला सांगितलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. त्या थरथरीची खूण म्हणून तिला उतरण हवी होती, केसभर का होईना.

"सदतीस ना? बाराही बघितले," फोनवरून सहकारी म्हणाला. "पहिल्या सहांत जॉइंट जरा जरा दिसतोय. पण पुढच्या सहांत तो आहे हेच कळत नाही. कुणी केलेत हो? काय हात आहे!"

बाबांचा चेहरा क्षणभर फुलला. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "वेळ लागला त्यांना, पण काम चोख केलं."

फोन ठेवून तिने यादीतला सदतीस खोडला. बाबांनी वही तिच्यापुढे धरली.

"अजून तेवीस राहिलेत ना? थांबतो मी."

"नको," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "बाकीचं मी करते. तुम्ही निघा, बाबा."